दिवसा झोपणाऱ्याला जागा नाही

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात मला फील्डवर्कसाठी शहरातला एक रात्रनिवारा मिळाला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे सर सांगतील ते खरं असं मी धरून चालायचो. एकटे पुरुष निवाऱ्यात येतात ते दारूपायी नाहीतर घरच्या भांडणापायी, असं सरांनी सांगितलं होतं.

संध्याकाळी दारात उभे राहणारे मात्र निराळेच होते. कुणी पार्सल पोहोचवणारा, कुणी हॉटेलात वाढणारा. निवाऱ्याचे व्यवस्थापक म्हणायचे, "पूर्वी स्टेशनावरचे म्हातारे, आजारी यायचे. आता युनिफॉर्मवाले येतात. तेही एकेकटे."

एक काका मात्र सकाळी आले. खराडीतल्या एका आयटी कंपनीच्या गेटवर ते रात्रपाळीचे वॉचमन होते. नारायण पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं घेऊन, राहायचे. इमारत पुनर्विकासाला गेली. घरमालकांना बिल्डरनं नवी इमारत होईपर्यंतचं भाडं दिलं, कॉटवाल्यांना 'सामान उचला' एवढंच सांगितलं. नवी खोली बघायला जावं तिथे पहिला प्रश्न, फॅमिली आहे का? काकांचं लग्नच झालेलं नव्हतं.

"साहेब, दिवसा चार तास पडू द्या. रात्री मी ड्युटीवर हाय," ते म्हणाले.

"पाटी वाचली का? रात्रनिवारा. सकाळी सगळे बाहेर. दिवसा झोपायचं तर सासुरवाडी गाठा."

"ती असती तर इथं कशाला आलो असतो?" काका हसत म्हणाले. व्यवस्थापक हसले नाहीत.

मी कसंबसं व्यवस्थापकांना म्हणालो, "सर, म्हणजे... कॉट दिवसभर रिकाम्याच असतात ना?"

"नियम मी केलेत का? तुम्ही शिका, मोठे व्हा, बदला."

सदाशिव पेठेतली माझी कॉटही मी कॉलेजात असताना रिकामीच असते. मी काकांना तिथे नेलं. दुसऱ्याच दिवशी घरमालकीणबाई दारात उभ्या. "अहो, कॉट आपण एकट्यासाठी घेतलीत. धर्मशाळा काढायची तर पाटी लावा, म्हणजे आम्हालाही कळेल."

काका मग बागेत बाकावर झोपू लागले. दुपारी बाग बंद करताना तिथूनही उठवायचे. शेवटी गेटवर खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. कुणीतरी फोटो काढून सुपरवायझरला पाठवला आणि नोकरी गेली.

ज्या काचेच्या इमारतींचं हे शहर कौतुक करतं, त्या राखायला माणूस लागतो. रात्रभर त्यानं जागायचं, ही अट. मग त्यानं झोपायचं कधी आणि कुठे? हे मी वर्गात विचारलं. सर म्हणाले, "भावनिक होऊ नका. कारण नोंदवा: बेरोजगारी." निवाऱ्याच्या दारात आले तेव्हा त्यांना नोकरी होती, हे मी दोनदा सांगितलं. सर पुढच्या विद्यार्थ्याकडे वळले.

त्याच आठवड्यात काका संध्याकाळी निवाऱ्यात आले. आता ड्युटी नव्हती, नियम आड येत नव्हता. व्यवस्थापकांनी चादर दिली, भिंतीकडची कॉट दाखवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा, झाली की नाही सोय?"

माझा आवाज चढला. "सोय कसली, सर? त्या दिवशी चार तास दिले असते, तर यांची नोकरी..."

काकांनी माझं मनगट धरलं. "हळू बोल, बाळा," ते कुजबुजले. "आजच जागा मिळालीय."