डाव्या चाकातली किरकिर

गाडीतला आवाज कुठून येतो हे विचारण्याआधी तो कधी येतो आणि कधी थांबतो हे विचारावं. ही पद्धत मी कुठल्या गॅरेजात शिकले नाही. माहेरची अब्रू पणाला लागली होती, म्हणून शिकले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. परतूरला माझ्या मोठ्या भावाचं धान्याचं दुकान होतं. त्यानं नवी जीप घेतली आणि त्याची जुनी पांढरी मोटार आम्ही विकत घेतली. आमच्या घरातली ती पहिली चारचाकी. दसऱ्याचा मुहूर्त धरून मी, मिस्टर आणि सासरे असे तिघं जालन्याहून रेल्वेनं गेलो. वहिनीनं गाडीला हळदकुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि नारळाचा मान मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना दिला. नारळ एका घावात फोडण्याबद्दल मामंजी आमच्या गल्लीत प्रसिद्ध होते. त्यांनी धोतर सावरलं आणि पुढच्या चाकाजवळच्या दगडावर नारळ असा आपटला की वहिनी दचकून मागे सरकली.

परतूर मागे पडलं न पडलं तोच आवाज सुरू झाला. किर्र, किर्र, पाटीवर खिळा ओढावा तसा. वेग वाढला की किरकिरही घाई करायची. मामंजी जालन्यापर्यंत खिडकीला कान लावून बसले. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, "तुझ्या भावानं शेंडी लावली बघ आपल्याला."

"मामंजी, तिकडं असताना तर वाजत नव्हती."

"तेच तर म्हणून राह्यलो मी. तिकडं वाजत न्हाई, इकडं वाजती. बराबर हिशोबानं दिली त्यानं."

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं हातातला चहा खाली न ठेवताच निदान केलं. "बेअरिंग गेलं."

"कोणत्या चाकाचं?" मी विचारलं.

"वहिनी, चारी बदलून टाका ना. झंझटच नको."

मामंजींना एवढं पुरेसं होतं. "भाऊबीजेला येणार ना तो? मंग ओवाळणीच्या ताटातच किल्ली ठेवतो. घेऊन जाय म्हणतो तुझं वाजंत्री."

आमच्याकडे हे नुसतं बोलणं समजायची सोय नव्हती. एका लग्नात भर पंगतीतून उठून त्यांनी आमटीची बादली आचाऱ्याला परत नेऊन दिली होती. दादा भाऊबीजेला आनंदात येणार, पाटावर बसणार आणि चारचौघांत मामंजी त्याच्यापुढे किल्ली टाकणार. ते चित्र मला स्वयंपाक करतानाही दिसायला लागलं. दादानं फसवलं नाही याची मला खात्री होती. पण खात्री मामंजींना दाखवता येत नाही, चाक दाखवता येतं.

किराण्याची यादी करावी तशी मी तपासणीची क्रमवारी लावली आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडी एमआयडीसीतल्या मागच्या रस्त्यावर न्यायला लावली. त्या रस्त्याला एका अंगानं लांबलचक भिंत आहे. भिंतीला धरून गाडी चालवली की त्या बाजूच्या चाकाचा आवाज आपटून परत येतो. मिस्टर चालवायला, मी बाहेर पायी. मामंजी मागच्या सीटवर, पंच म्हणून.

आधी उजवी बाजू भिंतीकडे ठेवली. विशेष काही नाही. गाडी वळवून डावी बाजू भिंतीकडे घेतली, तर किरकिर दुप्पट. मी पदर खोचला आणि कान पुढच्या चाकाकडे लावून गाडीसोबत वाकून चालायला लागले. एक टेम्पो आमच्याजवळ येऊन हळू झाला. मागे कारखान्यातले कामगार उभे होते.

"वहिनी, धक्का मारू का?"

मामंजींनी खिडकीतून डोकं काढलं. "जा बाबा तू! सूनबाई नाडी पाहून राह्यली!"

डावं पुढचं चाक नक्की झालं. इंजिन बंद करून गाडी उतारावरून नुसती सोडली, तरी आवाज होता, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावरचा संशय गेला. ब्रेक दाबून पाहिला, फरक नाही. गाडी डावीउजवीकडे वळवली. बेअरिंग असतं तर वजन सरकल्यावर सूर बदलायला हवा होता. बदलला नाही. शेवटी मी म्हटलं, "आता मागे घ्या."

गाडी मागे गेली आणि किरकिर थांबली. थोड्या वेळानं पुन्हा आली, पण वेगळ्याच सुरात.

"काहीतरी अडकलंय," मी म्हणाले. "गाडीचं नाही, बाहेरचं."

"काय अडकणार? तुझ्या भावाचं इमान?" मामंजी म्हणाले.

तिथून आम्ही थेट मिस्त्रीकडे गेलो. बेअरिंगला हात लावायचा नाही, फक्त डावं पुढचं चाक काढायचं, असं मी बजावलं. चाक निघालं. ब्रेकच्या चकतीमागे धूळ अडवणारा एक पातळ पत्रा असतो. मिस्त्रीनं पत्रा जरासा वाकवला, तशी एक काळी चपटी वस्तू टप्पकन खाली पडली. मला वाटलं दगड. मिस्त्रीनं ती पँटला पुसून मामंजींच्या हातावर ठेवली.

करवंटीचा तुकडा होता. एका कडेला शेंडीचे तंतू आणि खोबणीत अजून कुंकू.

मामंजींनी तो उलटासुलटा करून पाहिला. मिस्टर आकाशाकडे बघायला लागले. मिस्त्रीच्या मनात अजून बेअरिंगच होतं. मी काढलेल्या चाकाचे नट मोजायला लागले. नारळाचं नाव न काढणं किती जड गेलं ते माझं मला माहीत.

"नारळ पक्का होता," शेवटी मामंजी म्हणाले आणि तुकडा कोटाच्या खिशात टाकला.

भाऊबीजेला दादा आला. मी ओवाळत होते तोच मामंजींनी खरंच किल्ली काढली. त्यांनी ती दादाच्या हातावर ठेवली, म्हणाले, "जेवण झाल्यावर चालवून बघ. बिलकुल आवाज न्हाई."

"आवाज? कसला आवाज, मामा?"

मग मामंजींनी खिशातून करवंटी काढली आणि सगळी कथा सांगितली. शेंडी, वाजंत्री, किल्ली यातलं काहीही त्यात नव्हतं. होता तो फक्त घाव. "असा बसला, असा बसला, की करवंटी थेट चाकाच्या पोटात! या वयात, बोल!"

दादानं माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. मी त्याच्यापुढे फराळाचं ताट ठेवलं आणि त्यात आणखी एक करंजी वाढली.