दंडावरची पट्टी

फळ्यावर ‘फुटबॉलपटूचे नेतृत्वगुण’ असं मुख्याध्यापकांनी स्वतः रंगीत खडूने लिहिलं. मोखाडा तालुक्यातल्या त्या आश्रमशाळेत मी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. बोलायला येणार होती ती माझ्याच हाताखाली वाढलेली, सूर्यमाळच्या एका पाड्यावरची मुलगी. मुंबईच्या क्लबात पगारावर खेळली, कॅप्टन झाली आणि हंगाम संपायच्या आत घरी परतली. आमच्याकडे फुटबॉल शिकवायची जागा निघाली होती. ती तिला मिळावी म्हणून हे भाषण मीच जमवलं. सर ते ऐकून ठरवणार होते.

मी तिला आधीच बजावलं, “जिद्द, शिस्त, मेहनत, एवढंच बोल. क्लब का सुटला ते काढू नकोस.”

“बरं बाई.”

ती बोललीही तसंच. मुली जांभया देत होत्या, सर खूश होते. मग सातवीतली एक उठली. “ताई, पण कॅप्टन करते काय? नाणं उडवते तेवढंच?”

सगळ्या हसल्या. तीही हसली, आणि आता ही आवरणार नाही हे मला कळलं.

“आमच्या गोलकीपरचा गुडघा नारळाएवढा सुजलेला. मॅनेजर म्हणाला, इंजेक्शन देके उतारो, कॅप्टन का काम टीम उतारना है. मी म्हटलं, ही बाहेर बसेल. तर म्हणतो, फिर पट्टी उतारो. मी दंडावरची कॅप्टनची पट्टी काढून त्याच्या हातात दिली.”

“मग दुसऱ्या कुणी घेतली?”

“लगेच. गोलकीपरलाही उतरवलं.”

“आणि तिचा गुडघा?”

“ती आता खेळत नाही. मीपण नाही.”

सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. शाल-श्रीफळ उरकलं. ऑफिसात मला म्हणाले, “मुलगी गुणी आहे हो मॅडम, पण उद्या हिच्या नादानं मुली भाजीवरून अडून बसतील.”

“मग भाजी चांगली द्या.”

ते हसले. मी विनोद केला नव्हता.

जागा सरांच्या ओळखीतल्या एका तरुणाला मिळाली. मुली त्याच्यासमोर सरळ रांगेत उभ्या राहतात. बॉलला पाय क्वचितच लागतो, पण शिस्त आली म्हणून सर समाधानी आहेत.

ती पाड्यावरच्या बायकांबरोबर नाशिककडे द्राक्षाच्या कामाला गेली. परवा मोखाड्याच्या बाजारात सुकट घेताना भेटली. हात काळवंडलेले.

“मुकादम म्हणतो, बायका तुझं ऐकतात, टोळी तू सांभाळ,” ती म्हणाली. “मजुरी जास्त देतो म्हणाला.”

“मग घे की.”

“ताप आलेल्या बाईलाही बागेत उभं करायचं, बाई. तेच काम आहे.”

“काय सांगितलंस?”

“नाही म्हटलं. या वेळी काढून द्यायला पट्टीपण नव्हती.”

एवढं बोलून ती सुकटवालीकडे वळली आणि माप कमी भरल्यावरून तिच्याशी भांडायला लागली.