दिलेला श्वास

विहारात वाढलेल्या मला कोणापुढे हात पसरायची सवय नाही. पण मुलीच्या यंत्रावरचा आकडा घसरू लागला, तेव्हा पसरावेत असं वाटलं.

तिच्या छातीत उजवीकडे माझ्या फुप्फुसाचा खालचा लोब आहे, डावीकडे माझ्या भावाचा. मृत दात्याची वाट पाहण्याइतका वेळ तिच्याकडे नव्हता, म्हणून आम्ही दोघांनी दिले. घरी आल्यावर रोज सकाळी एका छोट्या यंत्रात फुंकायचं. लोब किती काम करताहेत ते त्यावर कळतं. आकडा उतरत गेला तर शरीर ते नाकारत असू शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आमचा उतरतच होता. तपासणीला बोलावलं.

ब्लॅकटाउनच्या घरून आम्ही गाडीने हॉस्पिटलात आलो. वेटिंग रूममध्ये मी तिला म्हटलं, "डोळे मीट, आनापान कर. श्वासाला ढकलू नकोस, येतो तसा येऊ दे."

"आई, स्टॉप इट!"

मग मी हलकेच त्रिसरण, बुद्धाला शरण जाण्याच्या ओळी, म्हणू लागले. दुसऱ्या ओळीला शेजारच्या खुर्चीतून एक आवाज त्यात मिसळला. श्रीलंकेच्या एक आजी होत्या, नवऱ्याला याच तपासणीसाठी घेऊन आलेल्या. म्हणून झाल्यावर त्यांनी कशासाठी आलात ते विचारलं. आकडा उतरतोय हे ऐकून त्यांनी मुलीला इंग्रजीत विचारलं, "घरी कशी फुंकतेस गं?"

तिने दाखवलं. पाठ ताठ, डोळे मिटलेले, संथ, मऊ श्वास. हॉस्पिटलात जोरात फुंकायला शिकवलं होतं. घरी माझं आनापान त्यावर चढलं होतं.

आजी खळखळून हसल्या. "डार्लिंग, हा ध्यानाचा श्वास झाला! यंत्रात वादळ सोडायचं. माझा म्हातारा फुंकतो तेव्हा त्याची कवळी बाहेर येते."

मुलगीही हसली. आत जाऊन तिने फुंकलं आणि आकडा जुन्या जागी आला. डॉक्टरांनी बाकीच्या तपासण्याही केल्या. लोब ठीक होते.

बाहेर आले तर आजींची खुर्ची रिकामी. नवऱ्याला आत नेलं असेल. नावही विचारायचं राहिलं. ही कृपा की योगायोग, यावर मी वाद घालणार नाही. मला एवढंच कळलं, की मी लोब दिला होता, सोडला नव्हता. तिच्या छातीत बसूनही मीच श्वास घेत होते. दान दिलं की हात काढून घ्यायचा, हे लहानपणापासून ऐकलेलं. शरण जाणं म्हणजे तेवढंच असावं.

आता ती दार लावून फुंकते. मी ओट्याशी असते. भिंतीपलीकडून तो दणदणीत आवाज आला की मनातल्या मनात आजींना हात जोडते. आकडा विचारत नाही.