आधी पाणी

आमच्या गावाबाहेरच्या दगडखाणीत पारूबाई तोंडाला घट्ट पदर बांधून खडी भरायच्या. तिथल्याच धुळीनं त्यांच्या नवऱ्याची छाती निकामी केली होती. चार पावलं चालला तरी त्याला धाप लागायची. एका सकाळी शाळेत जाताना मला दगड फोडणारा क्रशर बंद दिसला. पारूबाई मुकादमासमोर उभ्या होत्या, मागे सगळ्या बायका.

"आधी दगडांवर पाणी मारा, मग मशीन लावा."

मुकादम म्हणाला, "पारूबाई, काम बुडंल."

"बुडू द्या. छाती गेली की परत मिळत न्हाई."

तासाभरानं टँकर आला म्हणे. संध्याकाळी परतताना पाहिलं, धूळ उडत होती, पण कितीतरी कमी. आपण श्वास घेतो हे आपल्या ध्यानातही नसतं. या बाईनं तो सगळ्यांसाठी भांडून मिळवला होता. कामावर असताना पारूबाईंचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदाच उघडा पाहिला.