डगमगते, असं मी लिहिलं

पिचर निवडताना मी मुलीचे दंड कधी बघितले नाहीत. मनगट बघायचो. सॉफ्टबॉलमध्ये पिचर चेंडू खालून टाकते. हात कमरेखालून पुढे येतो आणि शेवटी मनगटाचा जो झटका बसतो, त्यातच चेंडूचा सगळा जीव असतो. खांद्यात ताकद दोन महिन्यांच्या व्यायामाने आणता येते. मनगट मात्र मुळात मोकळं असावं लागतं. म्हणून मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यातून उगाच दोन फेऱ्या मारायचो. तिथे मुली सागरगोटे खेळत बसलेल्या असायच्या. वर उडवलेल्या गोट्याकडे न बघता जमिनीवरचे गोटे घाई न करता उचलणारी, आणि तरीही वरचा गोटा अलगद झेलणारी मुलगी मी हेरून ठेवायचो. ती मला अशीच सापडली.

साठच्या दशकातली गोष्ट आहे. बंगळुरात, बसवनगुडीतल्या एका हायस्कूलमध्ये मी व्यायामशिक्षक होतो. हा खेळ तेव्हा आमच्याकडे इतका नवा होता की येणारे-जाणारे कुंपणाशी थांबून, हे बायकांचं क्रिकेट का, असं विचारत. मी स्वतः एका उन्हाळी शिबिरात सहा आठवडे शिकलो होतो, तेवढंच भांडवल. नऊ मुलींत मिळून चार हातमोजे. कॅचरचा, म्हणजे पिचरसमोर बसून चेंडू झेलणारीचा, जाड मोजा मी चांभाराकडून कापूस भरून शिवून घेतला होता, आणि तो कापूस दर आठवड्याला एका बाजूला सरकायचा.

तिचा चेंडू त्या मोज्यात बसला की मैदानापलीकडे आवाज जायचा. पण नुसत्या वेगाने पिचर होत नाही. एकाच जागी दहा चेंडू पडतात का, ते मी बघायचो. चेंडू चुकल्यावर ती कोणाकडे बघते, हेही बघायचो. काही मुली कॅचरवर डोळे काढतात, काही पंचांकडे बघतात, काही रडकुंडीला येतात. ती फ्रॉकला हात पुसायची आणि चेंडू परत मागायची. हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवत असे.

आता जे सांगायचं आहे ते. ती मराठी होती आणि मीही. आमची दोन्ही घरं बंगळुरात कितीतरी पिढ्यांची. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर कन्नड, असं आमचं चाललेलं. भाषांवरून राज्यं नव्याने आखली गेल्याला फार वर्षं झाली नव्हती आणि कोण कुठला, हे लोक जरा जास्तच लक्षात ठेवू लागले होते. आदल्या वर्षी मी कॅप्टन केलेली मुलगीही योगायोगाने मराठीच निघाली होती. त्यावरून स्टाफरूममध्ये गणिताचे शिक्षक चहा ओतता ओतता म्हणाले होते, "काय मेष्ट्रे, यंदा टीममध्ये सगळे निम्मवरुच, की एखादी आमचीही घेणार?" मेष्ट्रे म्हणजे मास्तर, निम्मवरु म्हणजे तुमची माणसं. सगळे हसले. मीही हसलो. माणूस वाईट नव्हता, संध्याकाळपर्यंत तो विसरलाही असेल. मी विसरलो नाही. त्या दिवसापासून मैदानावर मी तिच्याशी मराठीतला एक शब्द बोललो नाही. इतर मुलींच्या एका चुकीला मी एकदा बोलायचो, तिच्या चुकीला दोनदा. याला मी निःपक्षपातीपणा समजत होतो.

तिचे वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. एका रविवारी बाजारात भेटले तेव्हा पिशवी खाली ठेवून म्हणाले, "मास्तर, ती म्हणते की व्यायामाच्या कॉलेजात जाते. राज्याच्या संघात निवड झाली तर तिथे घेतात म्हणे."

"घेतात," मी म्हटलं.

"मग निवड झाली तर पाठवतो. नाहीतर टायपिंगला घालतो. मला स्वल्पही कळत नाही यातलं. तुम्ही सांगाल ते."

म्हणजे तिचं पुढचं सगळं एका निवड-सामन्यावर येऊन ठेपलं होतं, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं.

सामना आमच्याच मैदानावर झाला. निवड समितीचे तिघे झाडाखाली खुर्च्या टाकून बसले होते. पहिले तीन डाव तिने समोरच्या मुलींना चेंडूला बॅटही लावू दिली नाही. चौथ्या डावात आमच्या कॅचरच्या अंगठ्यावर चेंडू बसला. मोज्यातला कापूस सरकला होता. कॅचर बारकी, अबोल मुलगी. दुखतं म्हणावं तर आपणही यादीतून जाऊ, म्हणून गप्प राहिली. पण पुढच्या चेंडूनंतर तिने हात काखेत दाबून धरला. ते मी बघितलं. माझ्या पिचरनेही बघितलं.

त्यानंतर तिने वेग कमी केला. वेगात टाकायची सवय असलेल्या हाताने चेंडू मुद्दाम हळू टाकला की तो जागेवर पडत नाही, हे कोणताही प्रशिक्षक सांगेल. चेंडू प्लेटच्या, म्हणजे बॅटवालीपुढच्या पाटाच्या, बाहेर जाऊ लागले. चार चेंडू बाहेर गेले की समोरच्या मुलीला फुकटात बेस मिळतो. तसे तीन बेस तिने लागोपाठ दिले. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी पंचांना हात दाखवून खेळ थांबवायचा, कॅचर बदलायची, एवढंच तिला हवं होतं. दुसरी कॅचर बाकावर बसलेलीही होती.

मी वहीत तोंड घातलं. झाडाखालचे तिघे बघत होते. मराठी पिचर अडचणीत आली आणि मराठी मास्तर धावला, असं व्हायला नको होतं मला. त्या वेळी माझ्या डोक्यात याखेरीज काहीही नव्हतं.

आम्ही हरलो. समितीचे प्रमुख माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मेष्ट्रे, हात चांगला आहे पोरीचा. मध्येच काय झालं तिला? तुम्ही रोज बघता, तुमचा शेरा द्या. त्यावर ठरवू." बाजू घेऊन बोला, असंच ते जवळजवळ म्हणत होते. छापील कागदावर वेग, अचूकता, मनोधैर्य असे रकाने होते. पहिल्या दोन्हींत मी उत्तम लिहिलं. तिसऱ्यात लिहिलं : दडपणाखाली डगमगते.

सायकल स्टँडपाशी ती माझी वाट बघत उभी होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली. "सर, तिचा अंगठा सुजलाय. म्हणून मी..."

गणिताचे शिक्षक शेजारीच कुलूप काढत होते. "नाळे नोडोण," मी म्हटलं. उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी मी तो विषय काढला नाही, आणि तिनेही नाही. आठवड्याने यादी आली. तिच्या जागी दुसऱ्या शाळेची एक मुलगी होती. बरी होती, पण हिच्या पासंगाला पुरणारी नव्हती. कुणाकडून तरी हिला कळलं की सरांनीच डगमगते असं लिहिलंय. जूनमध्ये ती टायपिंगच्या क्लासला जाऊ लागली.

पुढे ती एका कचेरीत लागली, तिचं लग्न झालं. वाईट झालं नाही तिचं, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो. एकदा एका मुंजीत ती पंगतीत समोर आली. शेजारी बसलेल्या आपल्या लेकीला म्हणाली, "हे माझे सर. मी फार छान खेळायचे गं, पण ऐन वेळी घाबरले. तू नको बाई माझ्यासारखी घाबरू." ती हसत म्हणाली, आणि मी पानातला भात कालवत राहिलो. माझ्या दोन शब्दांवर तिनेही विश्वास ठेवलाय, हे मला त्या दिवशी कळलं. तरी मी बोललो नाही. कारण बोलायचं तर, तेव्हा का बोललो नाही, हेही सांगावं लागलं असतं.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो. ती आता लेकीकडे असते, मारतहळ्ळीला. दोन बस बदलून जावं लागतं, माझ्या वयाला ते सोपं नाही. चहा होईपर्यंत थांबलो आणि मग अंगठा, बाकावरची कॅचर, झाडाखालचे तिघे, वहीत घातलेलं तोंड, सगळं सांगितलं. का, तेही.

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "अंगठा मला आठवत होता, सर. पण तुम्ही तसं लिहिलंत. म्हणून मला वाटायचं, मी खरंच घाबरले असेन आणि अंगठ्याचं निमित्त मागाहून काढलं असेल. तुम्हाला तर खेळातलं कळत होतं ना."

मी क्षमा मागितली. तिने सरी, म्हणजे असू दे, म्हटलं नाही, आणि रागही केला नाही. कपाटातून वही आणि पेन आणून समोर ठेवलं. "हे लिहून द्या."

मी लिहिलं : वेग उत्तम. अचूकता उत्तम. कॅचरला लागलेलं दिसताच निवड पणाला लावून वेग कमी केला. डगमगली नाही.

तिने चष्मा लावून वाचलं. "आणि जिला घेतलं तिच्यापेक्षा?"

"तिच्यापेक्षा तू कितीतरी चांगली होतीस."

"मग लिहा की. अर्धवट का सोडता?"

मी तेही लिहिलं आणि खाली सही केली. तिने पुन्हा वाचलं, आणि आत स्वयंपाकघरात असलेल्या लेकीकडे बघत वही परत माझ्यापुढे सरकवली.

"कन्नडमध्येही लिहा, सर. हिला मराठी वाचता येत नाही."

मग मी ते सगळं कन्नडमध्ये लिहिलं. दोन ओळी खोडाव्या लागल्या. राहू द्या, असं ती एकदाही म्हणाली नाही. समोर बसून, लिहून होईपर्यंत, वाट बघत राहिली.