कुशाबाईचं श्रमदान

लासुर्ण्याच्या अलीकडं, कालव्याच्या पाझरानं एक डबकं साचलं होतं. वस्तीतली माणसं त्याच्याकडं बघून नाक मुरडत, कारण पाण्यावर बारा महिने हिरवागार थर. टिकलीहून बारीक पानं, केसाएवढी मुळं. आज काढावं तर चार दिवसांत पुन्हा पाणी झाकलेलं. कुशाबाई मात्र त्या थराकडं कापणीला आलेल्या रानाकडं बघावं तशी बघायची. तिच्या पंचवीस कोंबड्या त्याच्यावरच पोसल्या जात होत्या. रोज सकाळी पाटीभर काढायचं, दोन पाण्यांत धुवायचं, सावलीत निथळू द्यायचं आणि कण्यांत कालवून टाकायचं. बलक असा केशरी, की बारामतीच्या बाजारात गिऱ्हाईक तिचीच अंडी शोधत यायचं.

हे गुपित ठाऊक होतं ते फक्त तिला आणि सुनेला, राजलक्ष्मीला. शेजारच्या आक्काबाईनं बलकाचं कारण विचारून विचारून जीव खाल्ला, तेव्हा कुशाबाई गंभीर तोंड करून म्हणाली, "हळद घाल कण्यांत. वल्ली." आक्काबाईनं महिनाभर घातली. कोंबड्यांनी कण्यांकडं पाठ फिरवली, पण कुशाबाईला काही दया आली नाही.

पण रोज पाटी घेऊन डबक्यात उतरणारी बाई डोळ्यांवर येणारच. सरपंच दत्तोबांनी एकदा हटकलं, "कुशाबाई, रोज काय करता वो तितं?"

"घाण काढतीया," ती पटकन बोलून गेली. "डास लई झाल्यात. वस्तीसाठी येवढं तरी करावं म्हनलं."

थाप चांगलीच लागू पडली. शाळेतले गुरुजी पोरांना तिचं उदाहरण देऊ लागले. तीन वर्षं बाई डबकं साफ करत होती आणि डबकं तसूभरही साफ होत नव्हतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. चांगुलपणाची तपासणी करायची आपल्याकडं पद्धतच नाही.

शहाण्णव सालच्या सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात तिचा सत्कार ठरला. शाल, नारळ, टाळ्या. कुशाबाई पदर सावरून खुशीत उभी. आणि दत्तोबा माइकवर म्हणाले, "आमी ह्यांना आता आनखी राबू देनार न्हाय. उद्याच मुरमाच्या ट्रॉल्या आनून डबकं कायमचं बुजवतू!"

कुशाबाईची पंचाईत झाली. गप्प बसावं तर कोंबड्यांच्या तोंडचा घास जातो. बोलावं तर अब्रू जाते, आणि डबक्यातलं खाणाऱ्या कोंबड्यांची अंडी मग घेणार कोण? समोर सून मानेनं नको नको म्हणत होती. तरी कुशाबाईला राहवेना. तिनं दत्तोबांच्या हातातला माइकच ओढला.

"बुजवू नगा! ती घाण न्हाय, माज्या कोंबड्यांचं खाद्य हाय. मी कसलं श्रमदान करतीया? वैरण काढतीया, वैरण!"

दत्तोबांचा हात नकळत पोटाकडं गेला. सकाळीच त्यांनी तिच्याकडची दोन अंडी खाल्ली होती. कुशाबाईला वाटलं, आता शाल काढून घेतात. तेवढ्यात बायकांतून आक्काबाई उठली.

"म्हंजी हळद न्हवं?"

"न्हवं गं."

आक्काबाईनं तिला डोळ्यांनीच भाजून काढलं. मग म्हणाली, "ते धुऊन घालायचं, का तसंच?"

इथं कुशाबाई फसली. तिच्या कामाची रीत तिला कुणी विचारायची ही जन्मातली पहिली वेळ, तीही भर सभेत, माइक हातात असताना. ती सांगतच सुटली. किती पाण्यांत धुवायचं, किती निथळायचं, कण्या किती घ्यायच्या, काही म्हणून राखलं नाही. बायका एकमेकींना गप्प करून ऐकत होत्या. तिला इतका आनंद झाला, की आपण काय करून बसलो हे रात्रभर तिला कळलंच नाही.

सकाळी मुरमाची पहिली ट्रॉली भरलेलीच परत गेली. बायकांनी रस्ता अडवला होता. हे ऐकून कुशाबाई हसत हसत पाटी घेऊन डबक्यावर पोचली. बघते तर वीस-बावीस बायका गुडघाभर पाण्यात, सगळ्यांत पुढं आक्काबाई, आणि डबक्याचं उघडं पाणी उन्हात चमकतंय.

"अगं भवान्यांनो, बियाला तरी ठिवा!" कुशाबाई किंचाळली. लुगडं खोचून ती पाण्यात धावली आणि कोपऱ्यातल्या शेवटच्या परातभर हिरव्यापुढं दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"जी ह्याला हात लावंल," ती म्हणाली, "तिनं आदी मला पाटीत घालावं."