हजेरी न लागलेली अष्टमी

वडिलांच्या पहिल्या वर्षश्राद्धाचा दिवस बघायला म्हणून आईनं आमच्या काळेवाडीच्या घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवलं आणि मटकन खालीच बसली. वडील गेले त्या दिवशी वद्य अष्टमी होती. यंदा त्या पंधरवड्यात सोमवारी सप्तमी छापली होती आणि मंगळवारी थेट नवमी. सोमवारच्या चौकटीत बारीक अक्षरांत एवढंच होतं, 'अष्टमी क्षय'.

"त्यायचा दिवसच खाल्ला की रे!" आई म्हणाली. बीड सोडून जमाना झाला, पण रडू आलं की तिची बोली परत येते.

मी कॅलेंडर छापणाऱ्यांच्या नावानं खडे फोडले. तारखेनंच करू म्हटलं, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट गुरुजींना फोन लावला.

"अहो, दिवस कुठं गेलेला नाही, सोमवारीच करा," ते म्हणाले. "सूर्योदयाला जी तिथी असते, तिचं नाव दिवसाला मिळतं. ही अष्टमी सोमवारी सूर्य उगवल्यावर लागते आणि मंगळवारी उगवायच्या आत संपते. श्राद्धाला मात्र दुपारची तिथी बघतात. सोमवारची अख्खी दुपार अष्टमीच आहे."

मी चाकणच्या एका कंपनीत माणसांच्या शिफ्ट लावतो. मला हे चटकन कळलं.

"अगं, सूर्योदय म्हणजे गेटवरचं पंचिंग," मी आईला सांगितलं. "अष्टमी पंचिंगनंतर आत आली आणि दुसऱ्या दिवशीच्या पंचिंगआधी निघून गेली. हजेरी लागली नाही, पण दिवसभर काम तिनंच केलं."

आई डोळे पुसत हसली. मी मात्र त्या दिवसापासून पंचांगावर फिदा आहे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हजेरी नाही म्हणजे माणूसच नाही. आणि हे जुने लोक बघा, दिवसाचं नाव सकाळवर ठरवलं, गेलेल्याचं जेवण दुपारवर ठेवलं, आणि मोजणीतून सुटलेल्या तिथीचीही सोय लावून ठेवली. किती मायेनं केलेला हिशोब आहे हा!

वडीलही चाकणलाच कारखान्यात होते. कॅलेंडरात लाल तारीख दिसली की त्यांना ओव्हरटाइमचं बोलावणं यायचंच. दसरा असो की पाडवा, त्यांचं ताट झाकलेलं राहायचं आणि आई कंपनीच्या नावानं बोटं मोडत बसायची. सणाला त्यांना गरम जेवण वाढायचं तिचं राहूनच गेलं.

सोमवारी मी रजा टाकली. आईनं वडे तळले, खीर केली आणि भर दुपारी गच्चीवर पान ठेवलं. अन्नातून अजून वाफ निघत होती. कावळ्यानं जरासुद्धा वाट पाहायला लावली नाही.

आई कठड्याला टेकून बघत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं, कॅलेंडरात छापला न्हाई हा दिवस. न्हाईतर कंपनीनं बोलावून घेतलं असतं त्यायला."